हातोडा चालू ठेवा

बायकोला मातीआड करून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नालबंदाने भट्टी पेटवली. त्याच्या मनात काही नव्हतं. पेटवायला सांगितली म्हणून पेटवली. सांगणारी होती शिंपीणबाई. उजाडताच आली, घरात न शिरता थेट भट्टीच्या छपराखाली आली, आणि आवाज इतका खाली आणून बोलली की नालबंदाला पुढे वाकावं लागलं.

"भाऊ, हातोडा चालू ठेवा."

"आज?"

"आजच. कालपासून ऐरण गप्प आहे. पलीकडे तुमचे दादा विचारत होते, धाकट्याकडे आवाज का नाही म्हणून. मी ठोकून दिलं, कोळसा संपलाय. आता तो कोळसा मी किती दिवस संपलेला ठेवू?"

नालबंदाने डोळे पुसले. हाताला काजळी होती, ती गालावर आली.

"थोडा थोडा तरी मारा," शिंपीणबाई म्हणाली. "नुसतं लोखंडावर लोखंड. तेवढीच त्यांच्या जिवाला शांती."

ती गेली. दाराशी जनावर नव्हतं, कुणाचं काम नव्हतं. नालबंदाने एक झिजकी नाल निखाऱ्यात सरकवली, लाल झाली तशी सांडशीत धरून ऐरणीवर घेतली आणि ठोकली. सपाट केली, वाकवली, पुन्हा सपाट केली. एकेक घाव भिंतीवरून उडी मारून पलीकडे जात होता. मागच्या खोलीत त्याची लेक उशीत तोंड खुपसून बसली होती. रडायचं तर हातोड्याच्या घावाबरोबर रडायचं, घाव थांबला की थांबायचं, हे तिचं तिलाच उमगलं होतं.

भिंतीला कान असतात असं लोक म्हणतात. या भिंतीला खरोखरच होते.

घर मुळात एकच, वडिलांचं. वडील गेले आणि दोघा भावांत वाटण्या झाल्या. थोरला सुतार, धाकटा नालबंद. एकाचं लाकूड, दुसऱ्याचं लोखंड, दोघांचं डोकं मात्र एकाच दगडातलं. अंगणात विहीर एक, झाड एक. थोरल्याने मधोमध भिंत घातली, ती थेट विहिरीच्या तोंडावरून नेली. अर्धी विहीर इकडे, अर्धी तिकडे. झाड मात्र सगळं त्याच्याकडे गेलं, आणि नालबंदाची जनावरं उन्हात उभी राहिली. त्यावरून जी बोलाचाली झाली ती शेवटची. त्यानंतर वर्षानुवर्षं दोघे एकाच चर्चमध्ये गेले, एक डाव्या हाताच्या बाकावर बसला, एक उजव्या. पण दुपार कलली की झाडाची सावली भिंतीवरून उतरून धाकट्याच्या अंगणात येऊन बसे, तेव्हा नालबंदाची बायको म्हणे, "बघा, झाडाला अजून कुणी वाटणी समजावून सांगितलेली दिसत नाही."

गाव तिला वहिनी म्हणे. थोरामोठ्यांची वहिनी, पोरासोरांची वहिनी, फादरसुद्धा चुकून वहिनी म्हणून जात. पहाटेची मिस्सा, चर्चमधली उपासना, तिने लग्न झाल्यापासून चुकवली नाही. बाळंतपणात चुकली तेवढीच, आणि तेव्हाही खाटेवरून घंटेच्या बाजूला तोंड करून पडली होती. मिस्सा झाली की मंडळाचं काम. मंडळ म्हणजे शिंपीणबाई धरून चार बायका आणि चर्चच्या मागचं एक कपाट. त्यात लोकांनी दिलेले जुने कपडे येत. वहिनी ते धुवून, उसवलेलं शिवून, बटणं लावून, इस्त्री करून मगच कुणाला देई. "घेणाऱ्याला वाटायला हवं की त्याच्यासाठीच बेतलंय," ती म्हणे. कपडे झाले की अंथरुणाला खिळलेली माणसं. ज्यांना पोटची पोरंही शिवत नसत त्यांना ती आंघोळ घाली, कूस बदलून देई, नखं कापून देई. आणि हे सगळं उरकून घरी येऊन नवऱ्याला विचारी, "माझी वाट बघत उपाशी राहिलात, की मला सोडून जेवलात?" काहीही उत्तर दिलं तरी तिला हसायला कारण मिळे.

गावाची एक रीत होती. कुणी गेलं की चर्चची मोठी घंटा वाजे, सावकाश, एकेक ठोका सुटा. तो ज्याच्या कानी पडेल त्याने हातातलं काम खाली ठेवायचं आणि गेलेल्या जिवासाठी नमो मारिया ही प्रार्थना एकदा म्हणायची. बहुतेक लोक काम अर्धवट हातात धरूनच ओठ हलवत. वहिनी तशी नव्हती. तिने घंटेपायी दूध उतू जाऊ दिलं, शेगडीवरची इस्त्री तशीच ठेवून चादर जाळली. एकदा नवऱ्याच्या मदतीला खेचराचा पाय धरून उभी होती. घंटा झाली, हिने पाय सोडला, आणि खेचराने नालबंदाच्या मांडीवर जी मोहर उमटवली ती अजून होती.

"मेलेल्याला प्रार्थना, जित्याला लाथ," तो मांडी चोळत म्हणाला होता.

"लाथ बसली तेव्हा तुम्हीही देवाचं नाव घेतलंतच की," ती म्हणाली होती.

अशा बाईसाठी घंटा वाजली नाही.

थोरला दोन पावसाळ्यांपूर्वी एका छपराच्या तुळईवरून पडला आणि कमरेखाली मेला. बायको कधीच गेलेली, पोर ना बाळ. वहिनी दुसऱ्याच दिवशी बादली घेऊन निघाली. नालबंद दारात आडवा उभा राहिला. "त्याच्या घरी जायचं नाही."

"तुमच्या भावाकडे कुठे जातेय मी," ती म्हणाली. "मंडळाचा एक रोगी आहे, त्याच्याकडे जाते. सरका."

तो सरकला. भिंतीला दार नव्हतं, म्हणून ती रोज मागच्या गल्लीने वळसा घालून जाई. मग थोड्या वेळाने भिंतीपलीकडून तिचा आवाज येई. रोग्याची कूस बदलताना ती एक ओवी म्हणे, तिची तिनेच जुळवलेली:

या कुशीवरून त्या कुशी, रात सरते अशी;
देव बसला उशाशी, भांडण मग कुणाशी?

नालबंदाचा हातोडा तेवढा वेळ आपोआप हळू पडे.

यंदा पाऊस पाठ फिरवून गेला. जमीन भाजलेल्या विटेसारखी झाली, विहिरीत वीतभर गढूळ पाणी उरलं. त्यात वहिनीला ताप भरला. ताप अंगावर काढून ती दोन दिवस हिंडली, तिसऱ्या दिवशी विहिरीपाशी पडली. शहरातल्या ज्या इस्पितळाच्या लाँड्रीत लेक कामाला होती तिथेच नेलं. तिथेच ती गेली. शव तिथून थेट चर्चमध्ये आणलं. चर्चच्या दारात शिंपीणबाईने नालबंदाला बाजूला घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, थोरल्याचं हृदय काचेच्या भांड्यासारखं झालंय, धक्का लागला की संपलं. घंटा वाजली तर तो विचारणार कोण गेलं. जरा तब्येत धरू दे त्यांना, मग सांगू. "तुम्ही म्हणाल तसं, भाऊ."

फादरांनी नालबंदाकडे पाहिलं. घंटेवाला दोर हातात घेऊन उभा होता.

"नका वाजवू," नालबंद म्हणाला.

लोकांना वाटलं, केवढं मन. नालबंदाचं मन तेव्हा जागेवरच नव्हतं. तिला उभी पुरू का असं विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता. घंटेवाल्याने दोर खुंटीला गुंडाळला.

आणि मग हातोडा चालू राहिला.

पाणी नव्हतं म्हणून काम वाढलं. नदीवरून पिंपं भरून आणणाऱ्यांची खेचरं दिवसभर दगडातून चालत, त्यांच्या नाला झिजत, खूर तडकत. पाणक्या आपलं खेचर घेऊन आला, टोपी काढली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू झाला, "नालबंद, वहिनी म्हणजे आमच्या..."

नालबंदाने कानशीचं टोक ओठांवर ठेवलं आणि भिंतीकडे मान केली.

पाणक्या समजला. जवळ येऊन कुजबुजला, "म्हणजे आमच्या आईसारख्या होत्या."

असंच सगळे येऊ लागले. चोरासारखे येत, कानात दोन शब्द बोलत, हात दाबत आणि जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणत, "बरं का नालबंद, पुढचे पाय नीट बघा." नालबंद खाली वाकून खूर मांडीवर घेई, जुने खिळे उपटी, खुराची मेलेली कड कापी. वाकलेल्या माणसाचे डोळे कुणाला दिसत नाहीत, एवढी एक सोय त्या धंद्यात होती.

पलीकडे मंडळाच्या बायकांनी पाळ्या लावल्या. थोरला कुणाच्या हातचं खाईना. वहिनीला ताप आहे म्हटलं, तर म्हणे उतरू दे, मी थांबतो. दिवसाकाठी घोटभर पेज घेई, दुधात कुस्करलेला पाव तसाच परत जाई.

लेकीची रजा संपत आली. एका संध्याकाळी ती बापासमोर येऊन बसली. "बाबा, मला आईसाठी एकदा मोठ्याने रडायचंय."

नालबंदाने हातातला घास ताटात ठेवला.

"ती गेली तेव्हा लाँड्रीत मशीन चालू होतं, त्या आवाजात रडले. तेवढंच. घरी येऊन आठवडे झाले, आपल्याच घरात मी पाहुण्यासारखी पाय न वाजवता चालते. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ते मोठे काका तिकडे उपाशी झिजतायत. मग आपण वाचवलं कुणाला?"

"शिंपीणबाई म्हणते..."

"शिंपीणबाईंचं जाऊ द्या. आईची घंटा वाजली नाही. गावातल्या कुणीही तिच्यासाठी हातातलं काम खाली ठेवलं नाही. तुम्ही तर दुसऱ्या दिवशी उचललंत."

तिला ते लागेल असं बोलायचं नव्हतं. पण शब्द गेला तो गेला. रात्रभर नालबंदाच्या छातीत तो आत-बाहेर करत राहिला.

सकाळी तो फादरांकडे गेला. फादर वेदीवरचं कापड अंथरत होते आणि त्याची घडी मोडता मोडेना. ते कापड इतकी वर्षं वहिनीने धुतलं, इस्त्री केलं होतं. आता मधोमध एक आडवी सुरकुती पडली होती, फादर तळहाताने ती दाबत होते, हात उचलला की ती पुन्हा वर येत होती.

"तिच्या महिन्याची मिस्सा आलीय," नालबंद म्हणाला. "त्या दिवशी तिची घंटा वाजवा."

"मलाही तेच वाटतं. पण त्याआधी तुझ्या भावाला कळायला हवं."

"मग सांगा तुम्ही."

"मी पायरी चढलो तरी त्याला धसका बसेल. मी सहसा शेवटीच जातो ना लोकांकडे." फादरांनी सुरकुती सोडून दिली. "तू सांग."

"आम्ही बोलत नाही, फादर."

"मग तर बरंच. इकडच्या तिकडच्या गप्पांत वेळ जाणार नाही."

नालबंदाने बादली घेतली. तळाचं पाणी वर काढलं, फडक्यातून गाळलं, गरम केलं. साबण, जुनी फडकी, दुधाची वाटी. मग मागच्या गल्लीने निघाला. जन्मभर लोखंड उचललेला माणूस, पण ही बादली वेगळीच ओढत होती. दुष्काळातलं पाणी सांडायचं नाही म्हणून हात अंगापासून लांब धरावा लागे, खांद्यात कळ येई. गल्लीतल्या वळणावर भिंतीला एक जागा गुळगुळीत झालेली दिसली. बादली खाली ठेवून टेकायची ती जागा. तोही तिथे टेकला.

थोरल्याची खोली अंधारी होती. रंधा, करवत, पटाशा भिंतीवर ओळीने टांगलेल्या. वर क्रूस, तोही त्यानेच घडवलेला. खाटेवर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आज कोण?" त्याने वळून न बघता विचारलं. "खोकणारी, की सारखे उसासे टाकणारी?"

"मी."

थोरल्याने चादर खांद्यावर ओढली.

"पावलांवरूनच म्हटलं, मंडळाने बैल पाठवला की काय. कशाला आलास?"

"तुला धुवायला."

"नाल ठोकशील मला. जा."

"गप पड, दादा."

'दादा' तोंडून निघून गेलं. दोघांनाही ते ऐकू आलं, दोघांनीही ऐकलं नाहीसं केलं.

नालबंदाला माणसाची कूस बदलता येत नव्हती. जनावराची येत होती. त्याने आधी तळहात खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. बिथरलेल्या घोड्याच्या अंगावर ठेवतात तसा, कातडीखालची थरथर थांबेपर्यंत. मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि सावकाश आपल्याकडे. थोरला हलका लागला. एवढा उंच माणूस, आणि आत जणू नुसत्या खुंट्या.

सदरा वर केला आणि नालबंद थबकला. पाठीवर, माकडहाडाशी, एके काळी मूठ मावेल अशी जखम असणार. आता तिथे नवी कातडी आली होती, गुलाबी, पातळ, कडेने घट्ट विणत आणल्यासारखी. रोज धुवून, रोज पुसून, रोज वारा देऊन ती आणली होती कुणीतरी. वहिनी जिथे जिथे खपली तिथलं काहीच मागे दिसत नव्हतं. कपडे लोकांनी नेले, माणसं बरी झाली किंवा गेली. तिचं काम पाहायला मिळालं ते इथे, या पाठीवर. आणि त्याच्याच खाली, गेल्या काही दिवसांत, एक नवा लाल डाग फुटू लागला होता.

तो धुवू लागला. हात जड होते, तेवढे हलके केले.

"ती म्हणते ते म्हण," थोरला म्हणाला.

"काय?"

"सोंग नको. तिचा आवाज लागला की तुझा हातोडा हळू व्हायचा. मला कळत नव्हतं होय?"

नालबंदाने तोंड उघडलं. 'या कुशीवरून' ओठांशी आलं, आणि ते न म्हणताच त्याने फडकं बादलीत बुडवलं.

"नको म्हणू. ताठाच आहे तुला, बापासारखा." थोडं थांबून थोरला म्हणाला, "ती का येत नाही ते मला माहीत आहे."

नालबंदाचा हात थांबला.

"ताप-बीप काही नाही. शिंपिणीला खोटं बोलता येत नाही. हातात कात्री नसली की हात कुठे ठेवावा हेच कळत नाही तिला. मी वाटी फेकली तुझ्या बायकोवर. दूध गार होतं, म्हणून. कपाळाला लागली. ती हसली, फरशी पुसली, माझं तोंड पुसलं. गेली, ती आलीच नाही. कुठवर सोसेल कुणी." त्याचा श्वास लागला. "तिला सांग, मी खात नाहीये. बाकी काही सांगू नको. ती आली की खाईन."

नालबंदाने ती खूण पाहिली होती. डाव्या भुवईच्या वर. विहिरीच्या राहाटाची दांडी लागली म्हणाली होती. शवपेटी झाकण्याआधी त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकले तेव्हाही ती तिथे होती, पिवळी पडलेली.

रक्त डोक्यात चढलं. 'ती मेली' एवढे दोन शब्द. समोरच्या पाठीवर घण घातल्यासारखे बसले असते. शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण हाताखाली ती गुलाबी कातडी होती, तिची. तिच्यावर घाव घालायचा म्हणजे कुणावर?

त्याने फडकं पिळलं, पाठ कोरडी केली, सदरा खाली ओढला. "उद्या येतो," एवढंच म्हणाला. बाहेर आल्यावर गल्लीतल्या त्या गुळगुळीत जागेला टेकून बराच वेळ उभा राहिला.

"सांगितलंत?" लेकीने विचारलं.

"नाही. आज सांगितलं असतं तर मारल्यासारखं झालं असतं. जरा थंड होऊ दे."

"काका?"

"मी."

तो दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला. सकाळी भावाला धुवायचं, मग खेचरांचे खूर. शिंपीणबाई गल्लीत भेटली की डोळ्यांनीच विचारी, तो मानेने नाही म्हणे. भाऊ फार बोलत नव्हते. पाणी गरम आहे का, आहे. डाव्या बाजूला घे, घेतो. एकदा थोरला म्हणाला, "तुझे हात काथ्यासारखे आहेत," आणि नालबंद म्हणाला, "तुझी जीभही." असंच एका सकाळी नालबंद त्याच्या मेलेल्या पावलांना तेल चोळत होता. बोटांच्या बेचक्यांत तेल जिरवता जिरवता त्याच्या लक्षात आलं की त्याला राग येत नाहीये. शोधून पाहिला, होता, पण त्याने हात भाजत नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "ती तुझ्यावर रुसलेली नाही."

"मग येत का नाही?"

"वारली."

थोरल्याने डोळे मिटले. नालबंदाने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. काचेचं भांडं धडधडत होतं, अडखळलं, पुन्हा धडधडलं.

"वाटीने?" थोरल्याने विचारलं. लहान पोराने विचारावं तसं.

"तापाने. डॉक्टरांनी सांगितलंय."

"खरं सांग."

"नालबंद खोटं बोलला तर जनावर लंगडतं. तापाने गेली. वाटीचं मला तिने सांगितलंसुद्धा नाही. राहाटाची दांडी लागली म्हणाली."

थोरल्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरलं. हात उचलून पुसायचं त्राण नव्हतं. नालबंदाने तेलकट बोटांनीच पुसलं.

"घंटा कशी ऐकू आली नाही मला? इथे पडून मी दुसरं ऐकतो काय?"

"वाजवलीच नाही."

"का?"

नालबंद पुन्हा पावलांना तेल चोळू लागला. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"माझ्यासाठी," थोरला म्हणाला. "आणि तुझा हातोडा?"

"तोही."

"पहिल्या दिवशी घाव चुकत होते. मला वाटलं, प्यायला लागलास." तो हसला की काय झालं कळलं नाही, खोकल्यासारखा आवाज आला. मग तो उठून बसायला निघाला, खांदे खाटेवरून वीतभर सुटले आणि पुन्हा पडले. "अरे, गावातल्या प्रत्येक मढ्यासाठी जिने हातातलं खाली ठेवलं, तिच्या वेळी गावात कुणी एक भांडं खाली ठेवलं नाही. या फुटक्या गाडग्यासाठी. मला विचारायचं होतंत. वाजवायला सांग. फादरला म्हणावं, मी मेलो तर मेलो, घंटेवाल्याला पुन्हा दोर धरायला नको."

"सांगतो."

"आज सांग."

"आजच सांगतो, दादा."

"आणि ती वाटी दे इकडे."

"दूध गार झालंय. गरम करून आणतो."

"असू दे."

थोरल्याने एकेक घास घेतला. गिळताना मानेच्या शिरा वर येत होत्या. वाटी रिकामी झाली तेव्हा दोघेही दमले होते.

त्या संध्याकाळी नालबंदाने घरी येऊन लेकीला नुसतं सांगितलं, "झालं." ती उठली, अंगणात गेली, विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. आणि रडली. हाक मारून, आईला सगळ्या नावांनी बोलावून, गुरासारखी हंबरून रडली. शेजारच्या बायका दारात आल्या, पण जवळ कुणी आलं नाही. हे तिचं राहिलेलं देणं होतं. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा भिंतीपलीकडून एक म्हातारा, चिरका आवाज आला. तिकडेही कुणीतरी रडत होतं. मग ती पुन्हा सुरू झाली, तोही. विहिरीच्या पोकळीत दोन्ही आवाज उतरत आणि एक होऊन वर येत.

महिन्याच्या मिस्सेच्या दिवशी नालबंदाने दाढी केली, लग्नातला कोट घातला. मिस्सा चालू असताना थोरल्यापाशी शिंपीणबाई बसणार होती. तो जाताना भावाला भेटावं म्हणून गल्लीने वळला, तर शिंपीणबाई दारातच, तोंडाला फडकं लावून.

"काही नाही, भाऊ. तुम्ही निघा. इतक्या दिवसांनी खाल्लंय ना, पोट सुटलंय. अंथरूण सगळं... मी बघते."

"तुम्हाला एकटीला नाही उचलणार."

"आज तुमच्या बायकोची मिस्सा आहे."

आतून थोरला ओरडला, "जा म्हणतो ना! थोड्या वेळाने काही बिघडत नाही. मी काय पळून जातोय?"

नालबंदाने आत पाहिलं. तो नवा लाल डाग त्याच्या डोळ्यांसमोर आला. त्यावर ही घाण तासभर राहिली तर काय होईल ते खूर पाहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याने कोट काढला आणि खुंटीला, करवतीशेजारी अडकवला.

"शिंपीणबाई, तुम्ही जा. लेक एकटी आहे बाकावर, तिच्याजवळ बसा."

"लोक काय म्हणतील? नवराच नाही मिस्सेला."

"म्हणू दे. कुठे आहे विचारलं तर सांगा, मंडळाच्या रोग्याकडे गेलाय."

शिंपीणबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि डोक्याचा रुमाल नीट करत निघून गेली.

त्याने बाह्या वर केल्या. तळहात खांद्यावर ठेवला, थरथर थांबू दिली, मग भावाला कुशीवर घेतलं. घाणेरडी चादर गुंडाळून काढली, पाठ धुवायला घेतली. थोरला शरमेने डोळे मिटून पडला होता. साबणाचा फेस त्या गुलाबी कातडीवरून ओघळत होता.

पहिला ठोका पडला.

बाहेर पाणक्याच्या गाडीची चाकं वाजत होती, ती थांबली. कुणाचं तरी धुणं आपटणं थांबलं. दुसरा ठोका पडला तेव्हा गावात दुसरा आवाजच नव्हता. घरोघरी, छपराखाली, शेतात, हातातलं सगळं खाली ठेवलं गेलं होतं; ते ऐकूच येत होतं. थोरल्याचे ओठ हलू लागले. "नमो मारिया," तो म्हणाला, आणि पुढचं श्वासावर चालू राहिलं.

नालबंदाचा एक हात भावाच्या खांद्याखाली होता, दुसरा कमरेला. सोडला असता तर तो उताणा पडला असता, थेट त्या नव्या लाल डागावर. नालबंद प्रार्थना पुटपुटला. घंटा वाजली की हातातलं खाली ठेवायचं असतं. त्याने ठेवलं नाही. तो तसाच धरून उभा राहिला, शेवटच्या ठोक्याचा आवाज विरेपर्यंत. मग फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.